आपोआप सरकणाऱ्या रेघेची गोष्ट

मंडळी, पावसाळा सुरू झाला की आमच्या गावात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आणि २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, दोन माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला नाथसागर येतोच. "किती टक्के झाला?" हा प्रश्न भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळे विचारतात. पैठणचे जायकवाडी धरण म्हणजेच नाथसागर. आमच्या नळाचे पाणी तिथून येते, तेव्हा प्रश्नात नवल काही नाही.

नवल आहे ते उत्तरात. पूर्वी उत्तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळायचे. आता मोबाइलवर, संगणकावर पाण्याचे, पावसाचे, शेअर बाजाराचे आलेख आपोआप पुढे सरकताना दिसतात. कोणी रेघ ओढत नाही, तरी रेघ वाढते! कुठेतरी दूर मोजलेला आकडा माझ्या टेबलावरच्या चित्रात येऊन बसतो. संगणकवाले याला 'डेटा बाइंडिंग' म्हणतात. बाइंडिंग म्हणजे बांधणे. आकडा आणि आलेख यांची गाठ.

मी आयुष्यभर मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. संगणकाचे शिक्षण माझे काही नाही. पण ही गाठ कोणी, कधी आणि कशी मारली याचा शोध घेता घेता लक्षात आले की ही गोष्ट संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा एक मोठा तुकडा आपल्या पुण्यात घडला आहे. तेच आज सांगायचे आहे.

काळ आडव्या अक्षावर आणि मोजमाप उभ्या अक्षावर ठेवून रेघ काढायची रीत रूढ करणारा माणूस म्हणजे विल्यम प्लेफेअर. हा स्कॉटिश गृहस्थ. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापून पुस्तक काढले. त्या वेळी इकडे पुण्यात सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती, म्हणजे काळाचा अंदाज येईल. प्लेफेअरचे आलेख सुंदर होते, पण ते गेलेल्या वर्षांचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ एकदा छापली की कायमची थांबली. आम्ही शाळेत आलेख कागदावर पर्जन्यमानाचे स्तंभ काढून घ्यायचो, तेही याच जातीचे. बारा महिने, बारा स्तंभ, रंगवा आणि वही द्या.

रेघ चालती व्हायची तर दूरचा आकडा ताजा असताना हातात यायला हवा. ते काम तारायंत्राने केले.

आपल्याकडे हे सगळे संकटातून आले. १८६४ मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. मग १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. योगायोग बघा, त्याच १८७५ सालच्या १ एप्रिलला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये फ्रान्सिस गाल्टनने आदल्या दिवशीच्या हवामानाचा नकाशा छापला. वर्तमानपत्रातला हवामान नकाशा तिथून सुरू झाला.

खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून १९०५ मध्ये शिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये पुण्याला आले. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस'चा चौक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो बरोबर पोहोचवतो, पण पुण्यात सिमला कुठून आले हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ते नाव या कचेरीबरोबर आले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले, नाव मात्र चौकाने सोडले नाही.

आता त्या कचेरीत काम कसे चाले ते बघा. गावोगावच्या वेधशाळांत ठरलेल्या वेळी निरीक्षक हवेचा दाब, तापमान, वारा, पाऊस मोजायचा. त्याची तार व्हायची ती पाच-पाच आकड्यांच्या गटांची, सांकेतिक. शब्द नाहीतच, कारण शब्दाला पैसे पडतात. तारा कचेरीत आल्या की कारकून मोठ्या नकाशावर त्या त्या गावाच्या ठिपक्याभोवती आकडे मांडायचे. मग जाणकार अधिकारी समान दाबाच्या रेषा ओढायचा. सकाळी मोजलेले वारे असे नकाशावर उतरायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा नकाशा.

माझ्या मते आकडा आणि चित्र यांची पहिली गाठ ही. फक्त ती माणसांच्या हातांनी मारलेली होती. निरीक्षक, तारमास्तर, कारकून, अधिकारी अशी साखळी. यातला कोणी आजारी पडला तर नकाशावर त्या गावाचा ठिपका कोरा राही. हा कोरा ठिपका लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

या साखळीला आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे सगळ्यांची एकच वेळ. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सांभाळली. पण नकाशा काढायचा तर सगळ्यांनी एकाच क्षणी आकाशाकडे बघायला हवे. आजही आपल्याकडे चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. जागतिक वेळेने तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. हे साडेपाच तासही लक्षात असू द्या.

संगणकावर ही गाठ यायला १९७९ साल उजाडले. त्या एका वर्षी दोन गोष्टी घडल्या. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोन अमेरिकनांनी 'व्हिजिकॅल्क' आणले. घराघरांतल्या छोट्या संगणकावरची ही पहिली आकड्यांची वही. एका चौकटीतला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे स्वतःहून बदलत. आयुष्यात एकदा तरी हाताने निकालपत्रक तयार केलेल्या शिक्षकाला यातली जादू सांगावी लागत नाही! एका मुलाचे दोन गुण वाढले की बेरीज, टक्केवारी, श्रेणी, क्रमांक... सगळे खाडाखोड करून पुन्हा. १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३' मध्ये या वहीबरोबर आलेखही आला.

त्याच १९७९ मध्ये ट्रिग्वे रीनस्काउग नावाचा नॉर्वेचा शास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात पाहुणा म्हणून काम करत होता. त्याने एक साधा विचार मांडला. आकडे एका ठिकाणी ठेवावेत, चित्र दुसऱ्या ठिकाणी. चित्राने आकड्यांकडे आपले नाव नोंदवून ठेवावे, आणि आकडा बदलला की चित्राला निरोप जावा. चित्र मग स्वतःला पुन्हा काढून घेईल. आपण शेजारी सांगून ठेवतो ना, "पाणी आलं की हाक मारा हो!" तसेच. (आमच्या शहरात कित्येक दिवसांआड पाणी येते, त्यामुळे ही उपमा इथे कोणालाही कळेल.) आजच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये आलेख हलतो तो मुळात याच विचारावर.

पण हे आकडे अजून त्याच संगणकात बसलेले होते. दुसऱ्या प्रोग्रॅममधून आकडा आणायची सोय विंडोजमध्ये १९८७ मध्ये आली, तिचे नाव 'डायनॅमिक डेटा एक्स्चेंज'. तिचा खरा उपयोग शेअर बाजारवाल्यांनी केला. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये पडद्यावरून शेअर खरेदी-विक्री सुरू केली. गावोगावच्या दलालांच्या कचेऱ्या उपग्रहाच्या छत्र्यांनी मुंबईला जोडल्या गेल्या. दलाल स्ट्रीटवरचा आरडाओरडा १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराचाही पडदा आला तसा ओसरला. अशा कचेऱ्यांत मग भावाचा आकडा थेट एक्सेलच्या चौकटीत घ्यायचा आणि त्यावर आलेख लावायचा ही युक्ती रुळली. २००२ च्या एक्सेलमध्ये तर त्यासाठी 'आरटीडी' नावाचे खास सूत्रच आले. जिथे उशीर म्हणजे पैशांचे नुकसान, तिथे गाठ आधी पक्की झाली. शेतकऱ्याच्या पाण्याची गाठ मागाहून आली.

ती आली क्लाउडमुळे. २००० साली रॉय फील्डिंग याने आपल्या प्रबंधात 'रेस्ट' ही पद्धत मांडली. साध्या भाषेत सांगायचे तर वेबपान मागतो तसाच आकडाही एका पत्त्यावर मागायचा. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली साठवणीची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि क्लाउड हा शब्द सगळीकडे झाला. क्लाउड म्हणजे ढग, पण त्यात ढगासारखे काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेले संगणक, आणि आपल्याकडे त्यांचा पत्ता. गावातल्या सामायिक कोठाराची चावी घरोघरी असावी तसे.

हे सगळे मला समजले ते एका विहिरीमुळे. माझ्या भाच्याची पैठणच्या बाजूला शेती आहे. त्याने विहिरीच्या तोंडावर एक छोटे यंत्र बसवले. ते ध्वनिलहर खाली सोडते, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खोल आहे ते काढते, आणि दर पंधरा मिनिटांनी तो आकडा मोबाइलच्या नेटवर्कवरून क्लाउडवर पाठवते. दिवसाला ९६ नोंदी. एवढ्या नोंदी पुण्याच्या कारकुनांनी कशा मांडल्या असत्या देव जाणे!

माझ्या संगणकात एक्सेल आहेच. त्यात २०१६ पासून 'पॉवर क्वेरी' नावाची सोय अंगभूत आहे. भाच्याने तिला क्लाउडचा पत्ता दिला, दर इतक्या मिनिटांनी विचारत जा असे सांगितले आणि खाली आलेख जोडून दिला. इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. हा आलेख "पाणी आलं की हाक मारा" अशा जातीचा नाही. हा दर थोड्या वेळाने स्वतः उठून "आलं का हो?" विचारून येणारा आहे. दोन्हींत चित्र हलतेच, पण दुसऱ्या प्रकारात दोन विचारण्यांच्या मधले काही झाले तर ते पुढच्या फेरीपर्यंत कळत नाही.

पहिल्या दिवशी दोन गमती झाल्या. पंप चालू झाला की रेघ वर जायची! कारण यंत्र मोजत होते ते तोंडापासून पाण्यापर्यंतचे अंतर. पाणी उतरले की अंतर वाढते. मग भाच्याने उभा अक्ष उलटा केला. दुसरी गंमत वेळेची. सकाळी साडेआठला लावलेला पंप आलेखात पहाटे तीनला लागलेला दिसे. क्लाउडवर नोंदी जागतिक वेळेने होतात आणि आपण साडेपाच तास पुढे. "मावशी, तुझ्या भूगोलातलं रेखावृत्त इथे नडलं," असे तो हसून म्हणाला. १९०६ चा प्रश्न पुन्हा माझ्या टेबलावर आला होता.

पुढे एकदा रेघ अगदी सरळ, आडवी झाली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. घरातले म्हणाले, चला, विहीर टिकून आहे. मला काही ते पटेना. दिवस मार्चचे, उसाला पाणी चालू, आणि रेघ ताठ? विहिरीला एवढी शिस्त कुठली! भाच्याला फोन केला. तो विहिरीवर जाऊन आला तर पाणी चांगले हातभर उतरलेले. यंत्रातल्या सिमकार्डाची मुदत संपली होती. नवी नोंद जात नव्हती, आणि त्याने बसवलेली जोडणी शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा पुढे करत होती.

म्हणजे ही रेघ शांत पाण्याची नव्हती, निरोप तुटल्याची होती. दिसायला दोन्ही सारख्याच! पुण्याच्या नकाशावर तार आली नाही तर ठिपका कोरा राही आणि बघणाऱ्याला कळे की इथले काही माहीत नाही. संगणकाला ठिपका कोरा ठेवायला मुद्दाम शिकवावे लागते. एक्सेलच्या आलेखात रिकाम्या चौकटीचे काय करायचे याचे तीन पर्याय आहेत. जागा मोकळी सोडा, शून्य धरा, किंवा दोन्ही बाजूंचे बिंदू रेघेने जोडून टाका. तिसऱ्या पर्यायाने आलेख छान सलग दिसतो, पण त्यातली मधली रेघ कोणी मोजलेली नसते. दुसऱ्याने तर भरलेली विहीर कोरडी दिसेल, किंवा अक्ष उलटा असेल तर कोरडी विहीर काठोकाठ भरलेली. आम्ही पहिला पर्याय निवडला आणि आलेखाच्या डोक्यावर एक ओळ घातली: 'शेवटची नोंद' आणि तिची तारीख-वेळ.

एका विहिरीचे ठीक आहे हो. पण हाच प्रश्न नाथसागराएवढा मोठा केला की काय होते ते बघा.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. सत्तावीस दरवाजे, सुमारे १०२ टीएमसी पाणी. त्यातले सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त साठ्यात, बाकी २६ मृत साठ्यात. आपण जे टक्के विचारतो ते फक्त उपयुक्त साठ्याचे. त्यामुळे आलेख शून्यावर आला तरी धरण रिकामे नसते. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या वर्षी, नाथसागराचा उपयुक्त साठा संपला होता आणि तहान भागली ती मृत साठ्यावर. बघा, शून्य या एका आकड्याचे अर्थ किती. पाणी नाही, नोंद नाही, किंवा मोजणे जिथून सुरू केले त्याच्या खाली पाणी आहे!

उलटे टोक २००६ चे. त्या ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला, धरणातून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि पैठणात पाणी शिरले. अशा वेळी वर नांदूर मधमेश्वरहून किती पाणी निघाले हा आकडा एकट्याने कामाचा नाही. तो किती वाजताचा आहे हेही हवे, कारण पाणी चालत यायला वेळ घेते आणि तेवढाच वेळ खालच्या लोकांना सामान हलवायला मिळतो. जुना आकडा ताजा समजला तर तो वेळ हातचा गेला.

आणि वाद पाण्याच्या वाटपाचा. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर या प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे, असे त्याचे सूत्र ठरले. पुढे या सूत्राचा फेरविचारही सुरू झाला. मला त्या वादात शिरायचे नाही. तिकडच्या द्राक्षवाल्या शेतकऱ्याचेही पोट आहे आणि इकडच्या मोसंबीवाल्याचेही. सांगायचे एवढेच की दोघांचे वर्ष एका तारखेच्या एका आकड्यावर टांगलेले असते. त्या दिवशीचा आकडा कुठे मोजला, किती वाजता मोजला, हे दोघांनाही तपासता यायला हवे. नुसती सरकणारी रेघ दाखवून दोघांचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

यंत्रे वाढत आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यांत जलविज्ञान प्रकल्पाखाली स्वयंचलित मापन झाले, २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प आला, आणि २०१७ पासून 'महावेध'ची दोन हजारांहून अधिक हवामान केंद्रे राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर उभी राहिली. पीक विम्याचे पैसे मिळणार की नाही, हेही काही योजनांत अशा केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. पूर्वी तार येईपर्यंत थांबावे लागे, आता हातात आकडा आहे. फक्त साखळीतली माणसे दिसेनाशी झाली आहेत, आणि त्यांच्याबरोबर तो कोरा ठिपकाही. २०१३ च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली. पण प्रत्येक तारेवर ती किती वाजता निघाली ते लिहिलेले असे, ही तिची चांगली सवय आपण सोडायला नको होती.

तेव्हा मंडळी, हलता आलेख दिसला की बाईंच्या सवयीप्रमाणे तीन प्रश्न विचारायचे. शेवटची नोंद केव्हाची आणि कोणत्या घड्याळाची? नोंद नसेल तेव्हा हा आलेख काय दाखवतो? आणि यातल्या शून्याचा अर्थ काय? उत्तरे आलेखावरच लिहिलेली असतील तर तो काढणारा विद्यार्थी चांगला. नसतील तर वही परत करायची. यंदा "नाथसागर किती टक्के?" असे कोणी विचारले तर उत्तरात टक्क्यांबरोबर वेळही सांगा.